दोन चिमुकल्या भाषांचा निवाडा

दोन चिमुकल्या भाषांची तुलना करताना मी एकीच्या पदरात गुपचूप आकडे टाकले, दुसरीला रिकाम्या हातांनी उभं केलं आणि वर निकाल दिला की पहिलीच सरस. हा मूर्खपणा मी माझ्या प्रबंधात केला, तोही नीट टाइप करून. तेव्हा मी रत्नागिरीत कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. नात विचारते, "आजी, तू हुशार होतीस ना?" हुशार कसली! चष्मा मात्र जाड होता.

प्रोग्राम लिहिण्याच्या दोन पद्धती ताडून बघायच्या तर मोठ्या भाषा उपयोगाच्या नाहीत, पसाराच फार. म्हणून प्रत्येकीचा नुसता गाभा ठेवायचा. एका भाषेत फक्त फंक्शनं, दिलेल्यावर काम करून उत्तर परत देणारी. दुसरीत फक्त ऑब्जेक्टं, एकमेकांना निरोप धाडणारी. मग दोघींना एकच काम सांगायचं. माझा जीव फंक्शनांवर; ऑब्जेक्टवाल्यांची मी स्टाफरूममध्ये यथेच्छ टिंगल केलेली.

प्रबंध मुंबईला माझ्या मार्गदर्शक सरांकडे सहीला न्यायच्या आदल्या दुपारी मी ह्यांना निकालाचं प्रकरण वाचून दाखवलं. हे शाळेत मराठी शिकवत. पडवीत खवणीवर नारळ खवत ऐकत होते.

"अगं, पण हे दोन नि तीन कुठून आले? तुझ्या भाषेत फंक्शनांशिवाय काही नाही म्हणालीस."

"आकडे असतातच हो."

"मग दुसरीला का नाहीत? तिला बिचारीला मोजणीसुद्धा स्वतः रचायला लावलीस. तुला खवलेलं खोबरं, जावेला न सोललेला नारळ, आणि वर म्हणायचं, बघा, माझं वाटण आधी झालं!"

"तुम्ही तुमचे समास सोडवा," मी फणकारले. पण प्रकरण पुन्हा पहिल्यापासून चाळलं. नुसत्या फंक्शनांच्या भाषेत 'दोन' म्हणजे एखादं काम दोनदा करणारं फंक्शन. तेही आपणच बनवायचं. वर्गात मीच हे शिकवायची. प्रबंधात मात्र कंटाळा केला, तयार आकडे उचलले. इतक्या वर्षांची मेहनत, आणि निकालच खोटा!

सरांना फोन करून मुदत मागितली. कारण सांगायचा धीर झाला नाही. आयते आकडे काढून टाकले, सगळं पुन्हा मांडलं. माझ्या लाडकीची आघाडी पार गेली. पण भलतंच हाती लागलं: आहे त्या वस्तूंवर नवं काम वाढवायचं तर फंक्शनं सोयीची, नव्या तऱ्हेची वस्तू आणायची तर ऑब्जेक्टं. कोणी जिंकलं नाही, आणि मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. आता कुणाची बाजूच राखायची नव्हती.

मुंबईला गेले, सरांना चूक सांगून टाकली नि बोलणी खायला तयार होऊन बसले. त्यांनी नवं प्रकरण शेवटपर्यंत वाचलं, सही केली आणि दाराकडे बघत हळूच म्हणाले,

"बाई, आता हे खरं आहे. पाठवून द्या. आणि जुना मसुदा कुणाला दाखवू नका हो, तो वाचून मी छान म्हणालो होतो."