पावडर सुलूने दाबली नव्हती

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, अशी माझी ख्याती आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, हे लिफ्टच्या आधी माझ्याकडून वर पोचतं. तेव्हा तुम्हाला खरं वाटायचं नाही — पण एक गोष्ट अशी आहे, जी मी नवऱ्याला सांगितली नाही, आईला नाही, देवाला हात जोडतानासुद्धा नाही. देवाला म्हणे सगळं ठाऊक असतं. असेल. त्याच्यासमोर उभी राहिले की मी विषय बदलते.

मग तुम्हालाच का? तुमचं तोंड मला दिसत नाही, म्हणून असेल.

झालं असं, की माझी नात मनू कॉफीचं मशीन घेऊन आली. आता आम्ही राहतो त्या सिल्व्हर पार्कात घरोघरी काही ना काही मशीन असतंच, त्याचं काही नाही. पण परवा पाहते तर ही बाई ओट्याशी बसून त्या मशीनची वाटी — ज्यात कॉफीची पावडर भरतात ना, बुडाला बारीक भोकं असलेली — ती हातात धरून कानशीने घासतेय. म्हणाली, भोकं बरोबर नाहीत आजी, जरा मोठी करतेय. माझ्या तोंडून निघून गेलं — उलटी धर. टोचा आतून मार, कानस बाहेरून फिरव, नाहीतर कड आत राहील. ती बघतच राहिली. तुला कसं माहीत? मी म्हटलं, सोनाराची मुलगी आहे मी, मला काय नाही माहीत!

खोटं नव्हतं ते. पण जेवढं सांगितलं तेवढंच खरंही नव्हतं.

त्या वेळच्या माझ्याविषयी आधी सांगते. रत्नागिरीहून भाईंदरला लग्न करून आले तेव्हा मी म्हणजे एक भारी प्रकरण होते. नाकावर माशी बसू देत नसे — आणि भाईंदरला तेव्हा एका बाजूला खाडी, एका बाजूला मिठागरं, म्हणजे माश्या-डासांना काय तोटा! ट्रंकेत साड्यांच्या खाली बाबांची जुनी हत्यारं आणलेली. बारीक हातोडी, टोचा, दोन कानशी. सासरी सगळे हसले. मी मनात म्हटलं, हसा. कुकरचं हँडल, पितळी कडी, सासूबाईंच्या बांगडीचा फास, सगळं मीच नीट करत असे. करत असे आणि वाट बघत असे, की आता कोणीतरी म्हणेल — वा. अशी होती ती गाढवीण. वा ऐकण्यासाठी जगणारी.

दोन पावसाळ्यांनी सुलू आली. माझ्या दिराची बायको, माझी धाकटी जाऊ. टायपिस्ट. सकाळी पर्स घेऊन मुंबईला ऑफिसात जायची, संध्याकाळी येऊन पदर खोचून माझ्याबरोबर पोळ्या लाटायची. कधी उलट बोलली नाही. मला ‘ताई’ म्हणायची, आणि ते ‘ताई’ खरं असायचं. ती वाईट असती तर माझं किती सोपं झालं असतं, नाही का?

दीर बोटीवर नोकरीला. एकदा इटलीच्या कुठल्याशा बंदरातून त्याने ते मशीन आणलं. कळशीएवढं, चकचकीत, विजेवर चालणारं. वर पाणी भरायचं, झाकण घट्ट पिळायचं. खाली एक दांडी, दांडीत ती वाटी. एक लहान, एक मोठी — मोठी पाहुण्यांसाठी. पाणी तापलं की वाफेच्या जोराने ते पावडरीतून खाली यायचं. यायला हवं होतं, म्हणजे. आमची पावडर माटुंग्याची, चिकोरी घातलेली. ती फुगायची, आणि तिकडच्या त्या धुळीएवढ्या भोकांतून कॉफी थेंब थेंब गळायची. सुलू हिरमुसली. तेव्हा मी ट्रंक उघडली.

दोन्ही वाट्यांची भोकं मी टोच्याने एकेक करून वाढवली, कडा घासल्या, उजेडाकडे धरून पाहिल्या. आणि काय सांगू, कॉफी आली! वर साय धरावी तसा फेस. सासरे एक घोट घेऊन म्हणाले, सुलूच्या हाताला चव आहे हो. नवराही मान डोलवत होता. मी दारात उभी, मुठीत कानस.

सुलू म्हणाली, ‘वाटी ताईंनी दुरुस्त केली म्हणून.’ तिने सांगितलं होतं — एवढं लक्षात ठेवा. कुणी ऐकलं नाही, हा तिचा दोष नाही. पण मी तो तिच्या नावावर लिहून टाकला.

त्यानंतर घरी जो येईल त्याला सुलूची कॉफी. मिठागरावरचे मुकादम आले, कॉफी. भटजी आले, कॉफी. माझी आमटी, माझा सोलकढी-भात, माझं सगळं त्या फेसाखाली बुडालं. हसू नका. नाही, हसा. मीही हसते त्या मुलीला. इथवर हसण्यासारखंच आहे.

मग एका रविवारी सुलूच्या ऑफिसचे साहेब आणि बरोबरच्या दोन बाया आमच्याकडे येणार असं ठरलं. तिला नोकरीत कायम करायचं घाटत होतं. कॉफीची कीर्ती त्यांच्यापर्यंत गेली होती. आठवडाभर घरात तेच. सासूबाईंनी ठेवणीतले कप काढले. माझ्या लग्नानंतर माझ्या माहेरचे आले तेव्हा ते कप निघाले नव्हते.

बाबांनी मला एक काम शिकवलं होतं. दागिन्याचं भोक फार मोठं झालं, की नवं काही लावायचं नाही. पालथं घालून कडेकडेने हलके ठोके द्यायचे. धातू सरकतो, भोक आपलं आपण मिटतं. वरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. फार हलका हात लागतो त्याला. माझा होता.

शनिवारी दुपारी सगळे जेवून पडले होते. मी मोठी वाटी खलबत्त्याच्या बत्त्यावर पालथी घातली.

सगळी नाही मिटवली. मधली थोडी ठेवली, उजेड दिसावा म्हणून. मला काय हवं होतं? कॉफी येऊ नये, साहेबासमोर तिचं तोंड पडावं, आणि मग मी उठून साधा चहा टाकावा आणि सगळ्यांनी म्हणावं, बरं झालं ही होती. एवढंच हवं होतं. एवढंच हवं होतं असं मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय, की आता मलाच ते ऐकू येईनासं झालंय.

रविवार. बाहेरच्या खोलीत पाहुणे, हसणं चाललेलं. आत मशीन घुमतंय, घुमतंय — आणि खाली एक थेंब नाही. सुलूने माझ्याकडे पाहिलं. मी बशीत शंकरपाळ्या मांडत होते. फार नीट मांडत होते.

‘ताई, येत का नाही हो?’

मी म्हटलं, येईल की. तिने वाकून पाहिलं, परत बाहेरचा आवाज ऐकला, आणि तिचा हात दांडीवर गेला — सोडवून बघावं म्हणून. आता ऐका. मी रोज कुकर लावणारी बाई. आत वाफ कोंडलेली असताना झाकणाला हात लावायचा नसतो, हे आमच्या घरात सुलूला शिकवलं ते मीच. तिचा हात मला दिसत होता. ‘थांब’ हा शब्द केवढा आहे? म्हणायला किती वेळ लागतो?

मी शंकरपाळी ठेवली.

त्या आवाजाचं वर्णन मला करता येणार नाही. उकळतं पाणी आणि तो काळा गाळ तिच्या उजव्या हातावर, गळ्यावर, गालावर. गाळ चिकटतो. पाणी ओघळून गेलं तरी तो चिकटून भाजत राहतो. ऑफिसातली एक बाई धावत आली आणि तिने अख्खा माठ सुलूवर ओतला. सासरे डॉक्टरकडे पळाले. आणि मी? मी खाली वाकले होते. सगळ्यांना वाटलं मला भोवळ आली. वाटी घरंगळत ओट्याखाली गेली होती. मी ती उचलली आणि कमरेला खोचली. तशीच, गरम.

ती खूण अजून आहे माझ्या कमरेवर, रुपयाएवढी. नवऱ्याने विचारलं तेव्हा तवा लागला म्हटलं. वाटी दुसऱ्या दिवशी खाडीत गेली.

सुलू जगली. पण हाताची बोटं आखडली, आतल्या आत ओढली गेली, कातडी चिकटली. टायपिस्टच्या बोटांचं काय मोल असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. साहेब भला माणूस, त्यांनी बरीच वाट पाहिली. मग दुसरी मुलगी घेतली. मशीन भंगारात गेलं. सगळ्यांनी एकच म्हटलं — पावडर फार दाबली पोरीने, वर घाईत दांडी सोडवली. हळूहळू सुलूही तेच म्हणू लागली.

मी तिचं सगळं केलं. घास भरवले, वेणी घातली, परकराची नाडी बांधली, बोटांना तेल चोळलं. मनापासून केलं का? केलं. त्याने काय होतं? माझा मात्र भाव वधारला. उत्तनहून मावरं घेऊन येणारी कोळीण सिसिलबाय पाटी उतरवता उतरवता सगळ्या आळीला सांगायची, ‘अशी जाव कुनाला मिलाची न्हाय गो.’ वरून दोन बोंबील जास्त टाकायची. महिला मंडळाने माझा सत्कार केला, शाल दिली. मी घेतली. चांगली उबदार होती. जी ‘वा’ ऐकायला मी तडफडले, ती मला अशी मिळाली — पोटभर.

तुम्हाला वाटलं असेल, झालं, हीच ती गोष्ट. नाही. हातोडीची गोष्ट मी कदाचित कधीतरी सांगूनही टाकली असती. ही नाही.

वर्ष उलटून गेलं असेल. दुपारची वेळ, घरात आम्ही दोघीच. मी तेल कोमट करून आणलं. सुलू तिच्या बोटांकडे बघत बसली होती. म्हणाली, ‘ताई, तुम्ही तिथेच होतात. खरं सांगा. मला आठवतच नाही हो दाबल्याचं. रोजच्यासारखीच भरली होती. मीच जास्त दाबली का?’

कळतंय तुम्हाला? तिला शंका होती. वाटी खाडीत, मशीन भंगारात, विचारणारं दुसरं कुणी नाही. ‘नाही’ म्हटलं असतं — नुसतं ‘नाही’, पुढचं काही न सांगता — तरी ती सुटली असती.

मी म्हटलं, ‘हो ग. थोडी जास्तच दाबलीस.’

ती म्हणाली, ‘तरीच.’ आणि बोटं उघडतील तेवढी उघडून हात माझ्यापुढे धरला, तेलासाठी.

सासूसासरे गेले. दीर गेला, माझे हे गेले. सुलू आता आमच्याचकडे असते, खिडकीशी तिची खुर्ची. आम्ही दोघी म्हाताऱ्या दिवसभर भांडतो, पत्ते खेळतो, ती पत्ते डाव्या हातात धरते आणि मी तिचे बघते. सांगितलं तर तिला बरं वाटेल, हे मला माहीत आहे. रागावेल, पण बरं वाटेल. हे माहीत असून मी रोज सकाळी उठते आणि सांगत नाही.

आज सकाळी मनूने घासून तयार केलेली वाटी मशीनला लावली. सुलू खुर्चीतून म्हणाली, ‘मनू, पावडर दाबू नकोस हं. मी दाबली होती.’

मनू हसली. म्हणाली, सुलूआजी, ह्यात दाबावीच लागते, नाहीतर कॉफी पाणचट होते. सुलू ऐकेना. तिचा आवाज चढला. मनूने माझ्याकडे पाहिलं.

‘आजी, तू सांग ना तिला.’

मी म्हटलं, ‘ऐक तिचं. नको दाबू.’

कॉफी पाणचट झाली. तिघीही प्यायलो. सुलूने दोन्ही हातांत कप धरून सगळी संपवली.