ढेपेतलं तेल

सिंदीला आमच्या आळीच्या टोकाशी मामांचा घाणा होता. मामा माझे कुणी लागत नव्हते. ते तेली होते आणि सारी आळी त्यांना मामाच म्हणायची. एक बैल, घाण्यात फिरणारी एक लाकडी लाट, वर गवताचं छप्पर. रीत साधी होती: जवस तुमचं, तेल तुमचं, आणि मागे उरलेली ढेप, म्हणजे पेंड, मामांची. तीच त्यांची मजुरी, तोच बैलाचा खुराक.

यात लबाडीला जागा होती. तेल जरा कमी काढलं की ढेप ओली राहते, आणि गुरंवाले ओल्या ढेपेला जास्त भाव देतात. म्हणून बायका जवस टाकून घरी जात नसत, घाण्याजवळ फतकल मारून बसत. माझी आई तर ढेपेचा तुकडा बोटांत दाबून पाहायची. बोट चिकट झालं की झालंच.

"मामा, हे तेल काय बैलासाठी ठेवलं का?"

"आता किती पिळू बाई? बैलालेच पिळू का?"

कुरकुरत का होईना, मामा पुन्हा लाट फिरवायचे. निरीक्षक नाही, अहवाल नाही, शिक्का नाही. आईचं बोट, एवढंच काय ते खातं. त्या तोडीचं खातं मी पुढे कुठल्या कचेरीत पाहिलं नाही.

मग सरकारला ग्रामोद्योग वाचवायची उबळ आली. गावात जो ग्रामोद्योग चालू होता त्याला कुणी विचारलं नाही. स्टेशनच्या रस्त्याला सहकारी सोसायटीची टिनाची शेड उभी राहिली. चार घाणे, आठ बैल, एक सेक्रेटरी, एक कारकून आणि एक भिंतीवरचं घड्याळ. सोसायटीचं तेल सवलतीच्या दरात मिळू लागलं. सवलतीचा भार सरकार उचलणार होतं. बायका तिकडे वळल्या. माझी आईसुद्धा.

"स्वस्त हाय तं काऊन सोडू?" ती म्हणाली.

त्या स्वस्ताईची किंमत ती काडेपेटी घेताना भरत होती आणि बाबा मिलचं धोतर घेताना. मी तसं पत्रक छापून वाटलंही होतं. पण कर काडीकाडीनं जातो, तेल शिशीभर मिळतं. हिशेब कुणाला दिसणार?

मामांकडे आठवड्याला दोन-तीन गिऱ्हाइकं उरली. "पोळ्यापर्यंत बैल ठेवतो," ते म्हणाले. "तोवर सोसायटी बसली तं बाया येतीन वापस. नाई बसली तं इकतो."

सोसायटी बसणार याची मला खात्री होती, कारण तिथं जवस, तेल आणि ढेप सगळं सोसायटीचं होतं. घाणेवाल्याला पगार. मग ढेप दाबून पाहणार कोण? एका दुपारी मामांच्या छपरात सोसायटीचाच एक घाणेवाला ढेपेचं पोतं घेऊन बसलेला दिसला. कामगारांना ती ढेप कमी भावात मिळायची. पठ्ठ्या ती इथं पुन्हा पिळून घ्यायला आला होता, आणि तिच्यातून धार लागली होती धार!

मामा हसून बेजार. "सरकारचा बैल नुसता फिरते. तेल मले काढा लागते."

त्या उन्हाळ्यात सोसायटी तोट्यात बसली. मी आनंदानं नवं पत्रक काढलं आणि बाजाराच्या दिवशी हातोहात वाटलं. नागपूरहून ग्रामोद्योग खात्याचे साहेब आले, शेडमध्ये सभा भरली. मी उठलो, ढेपेचा तुकडा उचलला आणि सगळ्यांसमोर माझ्याच पत्रकावर दाबला. तेलाचा डाग हा एवढा पसरला.

"हे तेल कुणाचं, साहेब?"

साहेबांनी चष्मा लावला, डाग निरखला, आणि माझे आभार मानले! म्हणाले, या तरुणानं नेमकी उणीव दाखवली. घाणेच जुन्या पद्धतीचे आहेत. सुधारित घाणे हवेत, शिकवणारा हवा. जुना तोटा भरून काढू आणि नवी रक्कम मंजूर करू.

"कुठून?"

"कर्जातून."

"सोसायटीला फेडता आलं नाही तर?"

"सरकार आहे ना."

"आणि सरकारला?"

"सरकारही कर्ज काढतंच की, बेटा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते फेडणारे अजून पाळण्यात होते, हरकत घ्यायला त्यांच्यातलं कुणी आलं नव्हतं. तेलकट पत्रक साहेबांनी फाईलला जोडून घेतलं. बुडत्या धंद्याला मदत हवीच, याचा कागदोपत्री पुरावा म्हणजे मी!

मामांनी पोळ्याची वाट पाहिली नाही. अख्ख्या गावात शिकवण्याजोगा घाणा एकट्या त्यांनाच येत होता. सेक्रेटरी घरी आला आणि मामा बैलासकट सोसायटीत गेले.

परवा मी शेडमध्ये गेलो होतो. मामा स्टुलावर बसले होते. नवे घाणे करकरत फिरत होते. मी ढिगातला तुकडा उचलून दाबला. बोट चिकट झालं.

"मामा, ओली आहे."

"हाय तं हाय. पगार एक तारखेले येते."

मी बोट पंच्याला पुसलं आणि निघालो. दारापर्यंत गेलो तोच मागून हाक आली. मामा स्टुलावरून उठले होते.

"बाप्पू," ते हळूच म्हणाले, "तुह्या मायले सांगू नोको."