दारावरचा निकाल

राजारामपुरीत आज जिथे मोबाइलचे दुकान आहे, तिथे पूर्वी एक सायबर कॅफे होता. मी तेव्हा एका साप्ताहिकात राज्याच्या राजकारणावर लिहीत असे आणि माहितीसाठी तिथे जात असे. कॅफेचा मालक माझ्या खुर्चीमागे उभा राहून प्रत्येक पान आधी तळापर्यंत सरकवायला लावी. तळाशी लिहिणाऱ्याचे नाव नसले, की ओरडे, "मास्तर, ही पारावरची गप हाय. छापू नका!"

एका विधानसभेला त्याचा सख्खा भाऊ उभा राहिला. मतदानाआधी, भाऊ प्रचारात आघाडीवर असल्याचे एका संकेतस्थळाने लिहिले. मी ते लेखात घेणार होतो.

"खाली नाव न्हाय की!" तो म्हणाला.

"तुमच्या भावाच्या फायद्याचे आहे."

"म्हून खरं व्हतंय व्हय?"

मी ते वाक्य गाळले.

भाऊ हरला. त्याच संध्याकाळी मालकाने निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरचा निकाल छापून कॅफेच्या दारावर चिकटवला. भावाचा एक कार्यकर्ता धावत आला. "फेरमोजणी हाय म्हणं! नेटवर आलंय."

"दार वाचा, पावणं. खाली आयोगाचं नाव हाय."

त्या मोठ्या आवाजाच्या माणसाला हळू बोलताना मी तेवढे एकदाच ऐकले.