एका घरात एकच नोंद

आई गेली आणि जळगावच्या घरात मी एकटी उरले. धुळ्याहून धाकट्या भावाचा रोज फोन. "अक्का, तठे एकली काय करस? आठे ये. आठे बठ्ठा शेतस." आम्ही सगळे इथंच आहोत, ते घर विकून टाकू, असं तो म्हणायचा. माझा त्या घरात जीव रमत नव्हता, हे खरंच होतं. पण उदास घर होतं की मी, हे कळल्याशिवाय विकायचं कसं?

पोटापाण्यासाठी मी संख्याशास्त्राची कामं करते. त्या हिवाळ्यात रावेर आणि नशिराबादकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या झोपेची पाहणी माझ्याकडे आली होती. झोप माणसागणिक वेगळी, पण तिच्यात घराचा वाटा असतो, गावाचा असतो, आणि प्रश्न विचारणारीचाही असतो. एकीला लोक खरं सांगतात, दुसरीला नुसतं बरं सांगतात. हे सगळे वाटे, आमच्या भाषेत यादृच्छिक परिणाम, एकाच मॉडेलमध्ये घालायचे आणि कुणाचा वाटा किती, ते सॉफ्टवेअरकडून काढून घ्यायचं. मी घातले, तर सॉफ्टवेअरनं साफ नकार दिला. गाव चालेल, विचारणारी चालेल, घर चालणार नाही.

नोंदी उघडून पाहिल्या तर प्रत्येक घरातून एकच म्हातारा. घरातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना विचारा, असं बजावून प्रश्न विचारणाऱ्या मुलींना पाठवलं होतं. पण आपल्याकडे कुणी काही विचारायला आलं की घरातलं मोठं माणूसच बोलतं. बाकीचे म्हणणार, "आबालेच इचारा." आणि आबा शेजारी बसलेल्या बायकोची झोपही स्वतःच सांगून मोकळे. आता घरात एकच नोंद असेल, तर त्यात घराचं किती आणि माणसाचं किती, हे कुठलंच सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. त्याच घरातलं दुसरं माणूस हवं, नाहीतर तेच माणूस दुसऱ्या घरात जाऊन झोपायला हवं.

स्क्रीनसमोर बसल्या बसल्या मला रडू आलं. आमच्या घरातलं दुसरं माणूस मी आता कुठून आणणार? दुसऱ्या घरात जाऊन झोपणं तेवढं हातात होतं. बॅग भरली आणि धुळ्याची बस धरली.

भावजयीनं भरीत केलं, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून. भाची मांडीवर येऊन लोळली. मी पोटभर जेवले, हसलेसुद्धा. आणि ताट हातात असतानाच छातीत जळगावचा तोच खड्डा पडला, तेवढाच खोल. आईला भरीत फार आवडायचं. एका नोंदीवरून निष्कर्ष काढू नये असं मीच सगळ्यांना सांगते, म्हणून आणखी काही दिवस राहिले. काही बदललं नाही.

एका सकाळी शेजारच्या बाई आल्या. "कसे आहात सगळे?" त्यांनी विचारलं. भावजय पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अक्काले इचारा." या घरात आता मीच मोठी, हे तेव्हा ध्यानात आलं. "सगळं छान आहे," मी म्हणाले. किती आबांनी आमच्या मुलींना हेच सांगितलं असेल, कोण जाणे. भाऊ पेपर बाजूला ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

निघताना त्याला म्हटलं, घर विकायचं नाही. तो वैतागला. "पन तुले तठे करमत नही ना?"

"नही करमत," मी म्हणाले. "पन त्यामा घरनी काही चूक नही."