माझ्या बोटांचा भरवसा

सन दोन हजार बावीस. मी तेव्हा एक्काहत्तर वर्षांचा होतो. शाळा दुसरीपर्यंत. नाचणगावात मला सगळे हाडवाला बाबा म्हणतात. निखळलेला खांदा, मुरगळलेला पाय, मोडलेलं मनगट, मी बोटं ठेवली की आतलं मला कळायचं. ही विद्या बापाची. मरताना तो एवढंच म्हणाला, "देवानं फुकट देलं, तूबी फुकटच देजो." म्हणून मी कोणाचा कप चहासुद्धा घेतला नाही. गर्व होता. आजही आहे, खोटं काऊन बोलू?

त्या वर्षी दिवाळीनंतर बोटं बधिर व्हायला लागली. शुगरनं. कशालाही हात लावला की चिंधी गुंडाळून लावल्यासारखं वाटे. मी कोणाला सांगितलं नाही. एकदा चुलीवरून उतरवलेल्या चहाचा कढत गिलास मी तसाच धरून बसलो. बायको पाहत होती.

त्याच सुमारास एका रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी बायबलातला धन्याचा आणि तीन चाकरांचा दाखला सांगितला. धन्यानं तिघांना पैसे दिले; दोघांनी ते वाढवले, तिसऱ्यानं जमिनीत पुरून ठेवले, म्हणून धनी संतापला. पाळकसाहेब त्याला आळशी म्हणाले. मला तो भ्यालेला वाटला. घरी येताना मी ठरवून टाकलं, बोटं राहोत की जावोत, आपण आपलं दान पुरायचं नाही. मरेपर्यंत हात लावायचा.

दोन-तीन दिवसांनीच शेजारणीची सून कापूस वेचायला जाताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडली. उजवा कोपर जागेवरून सरकलेला. शेजारीण आणि वेचणीच्या चार-पाच बाया तिला घेऊन माझ्या ओट्यावर आल्या. मी प्रार्थना केली, तेल लावलं, बोटं ठेवली. काही कळलं नाही. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं झालं.

कोपर ओढायच्या आधी पंजा पाहायचा, हे बापानं शिकवलं होतं. पंजा कोमट असला तर रक्त जातंय. गार असला तर शीर दबली, मग आपण हात लावायचा नाही. मी तिचा पंजा धरला. तो गार होता की माझी बोटं मेलेली होती, मला सांगता येईना. पुन्हा धरला. पुन्हा तेच.

"भाऊजी, आज देवाले फोन लागून नाई राह्यला काय?" शेजारीण म्हणाली. बाया हसल्या. सून हसली नाही. तिनं पदर दातात धरला होता.

ओढला आणि शीर दबलेली असली, तर पोरीचा हात जाणार. नाही ओढला, तर उद्या गावभर होणार की म्हातारा संपला. आणि तो तिसरा चाकर डोक्यातून हलेना. देवाला विचारायला गेलो तर त्याचाच राग आला.

तेवढ्यात बायको बांबूच्या कामट्या आणि पट्ट्या घेऊन आली. लग्न झाल्यापासून ती माझ्या बाजूला बसून पट्ट्या देत आली होती. मी तिला कधी काही विचारलं नव्हतं.

"इचा पंजा पाह्य," मी म्हटलं.

"मी?"

"हो, तूच. माह्या बोटाले समजून नाई राह्यलं."

बोललो. सगळ्या बायांसमोर बोललो. तिनं पोरीचे दोन्ही पंजे आपल्या दोन हातांत घेतले.

"हा उजवा गार हाय. तो कोमट. अवो, हात नोका लावू."

शेजारीण भडकली. "मंग आमी इथं कायले आलो? वर्ध्याले नेलं त वेचणी बुडली न!"

"वेचणी बुडू दे. इथं बसलो त हात जाईन," मी म्हणालो आणि ऑटो बोलावून स्वतः पुढं बसलो.

वर्ध्याच्या दवाखान्यात पोरीला आत नेलं. मी बाहेर बाकावर. बायकोचा अंदाज चुकला असेल तर मी फुकटच नाव घालवलं, असं वाटे. मग वाटे, बरोबर असेल तर उशीर तर नाही झाला? खरं सांगायचं तर एक वेळ अशीही आली की पोरीचा हात खरंच गार निघावा, असं मी मागत होतो. माझा शब्द राहावा म्हणून. ते कळलं तेव्हा मला माझीच भीती वाटली.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, शीर दबली होती, हाड बसवलं, बोटं हलतात का ते सकाळी पाहू. शेजारीण तिथंच थांबली. मी बसनं घरी आलो.

बायकोनं भाकर वाढली. "बोटाचं कधी सांगतलं असतं?"

"नसतंच सांगतलं."

"मले ठाऊक हाय," ती म्हणाली आणि वरण वाढलं.

दान पुरणं वेगळं आणि हात आवरणं वेगळं, असं मला वाटतं. पाळकसाहेबांना विचारायचं आहे. अजून विचारलं नाही. त्या रात्री डोळा लागला नाही.

सकाळी शेजारणीचा फोन आला. पोरीची बोटं हालून राह्यली, चहा मागते म्हणे. माझं नाव नाही की काही नाही, तिला शेरडं सोडायला माणूस पाहिजे होता. फोन ठेवतो तोच आंजी गावचा एक माणूस मोटारसायकलवर मागं बसून आला. घोटा सुजलेला. मी बायकोला चुलीपुढून उठवलं, तिच्या तळहातावर तेल ओतलं, तिचा अंगठा त्याच्या घोट्यावर ठेवला आणि वरून माझा हात धरला.

"आता सांग," मी म्हटलं, "आत काय हाय?"