आपटा की कांचन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनासुद्धा नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही अक्कांना ओळखत नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. तारनाक्याला आमचं घर एकच — वर मी, खाली त्या. हैदराबादेत दसऱ्याला जो तो जम्मीची, म्हणजे शमीची, पानं देतो, आपटा शोधून सापडत नाही. म्हणून मी माहेराहून, नांदेडहून, आपट्याचं बी आणून अक्कांच्या हातात दिलं. त्यांनी ते अंगणात लावलं, वाढवलं. झाड लहानसंच, वाकडंतिकडं, पण बारा महिने बघत राहावं असं. चैत्रात कोवळी पालवी, उन्हाळ्यात पांढुरके तुरे, पानं गळाली तरी लोंबणाऱ्या काळपट शेंगा.

दसऱ्याला पार अंबरपेठेहून मराठी मंडळी पानं न्यायला यायची. अक्का त्यांना सांगायच्या, "माझ्या माहेरचं बी आहे." माझ्यासमोर. दरवर्षी. पाणी त्यांनीच घातलं, मान्य — पण माझं नाव घ्यायला काय जात होतं? विश्वासघात एवढ्याशा गोष्टीनं होतो का? माझा झाला. मी मूग गिळून बसले आणि आतून जळत राहिले.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, हे सांगायचं राहिलंच. त्यामुळे एका दसऱ्याला कुणीतरी विचारलं, हा नक्की आपटाच ना, तेव्हा सगळे माझ्याकडे वळले. मी पान हातात घेतलं, उलटसुलट केलं, आपटाच होता — आणि म्हणाले, "नाही. रानटी कांचन आहे हा. पानं सारखीच दिसतात."

इतकी वर्षं आपण लोकांना खोटं सोनं वाटलं, हे अक्कांनी मनाला लावून घेतलं. आठवड्याभरात त्यांनी झाड तोडायला लावलं. मी वरच्या गॅलरीत उभी होते. एक हाक मारली असती तर — नाही मारली.

आता त्या बेगम बाजारातून पानं आणतात. गुडघे दुखत असले तरी आधी जिना चढून माझ्याकडे येतात. "तूच बघून सांग गं. पुन्हा ती फजिती नक्को. खरा आपटाच आहे ना?"

तो कांचन असतो. मी "हो, अक्का" म्हणते. मग त्या पहिलं पान माझ्याच हातावर ठेवतात, "सोनं घे" म्हणतात, आणि मी वाकून त्यांच्या पाया पडते.