रिकाम्या ओळीची टेस्ट

"अस्की टेस्ट चालली की?" तंजावरच्या घरी सेतुअण्णांनी विचारलं. अस्की म्हणजे सगळी. "चालली, अण्णा," मी म्हटलं. खरं तर एकही चालवली नव्हती. मला चेन्नईची बस गाठायची होती. आमचं शेवटचं बोलणं ते. आठवड्याने वहिनींचा फोन आला... अण्णा दुपारी जरा पडले, ते उठलेच नाहीत.

अण्णा माझे थोरले चुलतभाऊ. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झाले होते. मजकुरात शब्द शोधून देणारी एक छोटी लायब्ररी त्यांनी लिहिली होती, कुणीही आपल्या प्रोग्रॅममध्ये फुकट वापरावी अशी. तिच्यात रेग्युलर एक्स्प्रेशन घालायचं काम माझ्याकडे होतं, म्हणजे नेमक्या शब्दाऐवजी त्याचा साचा द्यायचा आणि त्यात बसेल ते लायब्ररीने शोधायचं. अण्णांची अट एकच: प्रत्येक बदलाबरोबर, कोड बरोबर चालतो का ते आपोआप तपासणाऱ्या टेस्ट हव्यात. मला या टेस्टचा भारी कंटाळा. एकदा चिडवलंही, "वहिनी नैवेद्याआधी रसम कुठे चाखतात? बिघडलंय का कधी?" अण्णा हसले. "तुज काय ठाऊक," एवढंच म्हणाले.

महिन्याने तंजावरला गेलो, त्यांचा कॉम्प्युटर उघडला. माझ्या वाटणीच्या टेस्ट त्यांनीच लिहून ठेवल्या होत्या. बाकी सगळ्या हिरव्या, म्हणजे पास; एक लाल. माझा कोड रिकामी ओळ दिली तरी 'सापडलं' म्हणत होता. फाईलची तारीख आमच्या भेटीच्या दुसऱ्या दिवसाची... म्हणजे त्यांना कळलं होतं. मग फोन का नाही केला? रागावले होते, की मी आपणहून कबूल करीन म्हणून थांबले होते? हे काही केल्या डोक्यातून जात नाही, आणि माझा मलाच संताप येतो. चूक तर दहा मिनिटांत सुधारली.

मग जेवायला बसलो. रसमात मीठ दुप्पट पडलं होतं.

"कसं हाय?" वहिनींनी विचारलं. 'छान' अगदी ओठांवर आलं होतं.

"वहिनी, मीठ फार झालंय."

त्या थबकल्या. "नैवेद्य झाला की पयला घोट तेनी घेत होते," त्या हळूच म्हणाल्या. "ते कमी-जास्त सांगत, मी सारखं करत होते. मग तुमाला वाढत होते."

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या जागी त्यांनी माझं पान मांडलं. मी रसमचा घोट घेतला. वहिनी समोर उभ्याच होत्या. बसची वेळ होत आली होती... मी आणखी एक घोट घेतला.